चार स्टार, पाचवा का कापला ते शेवटी सांगते

मनगटाचं प्लास्टर कापलं त्या दिवशी मला वाटलेलं सुटले एकदाची, आता घरी जाऊन आधी स्वतःची वेणी स्वतः घालायची. कसलं काय, सहा आठवडे आत कोंडलेला हात बाहेर आला तो वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा, बोटं सुजलेली, मनगट ना वर जातंय ना खाली, आणि चहाचा कप धरायला गेले तर तोच हातातून सुटला. ऑर्थोपेडिकवाल्यांनी चिठ्ठीवर फिजिओथेरपी लिहून दिली आणि म्हणाले टाळाटाळ करू नका, पंचेचाळीसच्या पुढे मनगट एकदा जाम झालं की जामच राहतं. मी बावन्नची. म्हणून ठाण्यातलं हे नौपाड्याचं फिजिओथेरपी सेंटर, घरापासून चालत सात मिनिटं, पंधरा सेशनचं पॅकेज घेतलं आणि तेरा झाली, म्हणजे आता बोलायचा हक्क आहे मला.

आधी चांगलं सांगते. मॅडमचा हात खरंच चांगला आहे, वय फारतर अठ्ठावीस-तीस असेल पण कुठलं हाड कुठे अडलंय ते बोट ठेवून सांगतात, आणि प्रत्येक वेळी तो कंपासपेटीतल्यासारखा कोन मोजायचा डबल पट्टीचा कोनमापक लावून आकडा लिहून ठेवतात, पहिल्या दिवशी माझं मनगट मागे १५ डिग्री जात होतं, तेराव्या सेशनला ५५. नुसतं 'बरं वाटतंय ना काकू' असं विचारून मशीन लावून फोनवर बोलत बसणारे पण बघितलेत मी, तसं इथे नाही.

आणि ते मेण! ज्यांचा हात मोडलाय त्यांनी ते जरूर करून घ्या. एका स्टीलच्या टाकीत पॅराफिनचं मेण वितळवून ठेवलेलं असतं, साधारण ५० डिग्रीच्या आसपास, त्यात हात बुडवायचा, बाहेर काढायचा, जरा पांढरट धरला की परत बुडवायचा, असं सात-आठ वेळा. पहिल्यांदा जीव घाबरतो, भाजेल वाटतं, पण भाजत नाही. मग त्यावर प्लास्टिकची पिशवी, वरून टॉवेल, आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. आतून हाडापर्यंत ऊब जाते. नंतर ते मेण सोलायचं, पूर्ण हातमोजा निघतो अख्खा, आत आपल्या हाताच्या रेषा उमटलेल्या. मला तर ते सोलायलाच आवडायचं, रोज अख्खा निघतो का ते बघायचे.

तर ही वीस मिनिटं. खरी गोष्ट या वीस मिनिटांतच आहे, कारण मेणाची टाकी आणि गुडघ्याचं मशीन एकाच पडद्याआड आहे आणि तो पडदा पूर्ण बंद होत नाही. गुडघ्याच्या मशीनवर रोज माझ्याच वेळेला तो असायचा. एकवीस वर्षांचा, स्टेशनजवळ मोबाइलच्या दुकानात कामाला, उजव्या गुडघ्याखाली प्लेट आणि सात स्क्रू. रात्री दोन वाजता गायमुख चौपाटीवरून परत येत होते, घोडबंदर रोडने, बाइक एक आणि बसलेले तिघं, हेल्मेट शून्य. खड्डा चुकवायला गेला आणि डिव्हायडरवर. मागच्या दोघांना खरचटण्यावर भागलं, याचा गुडघा गेला.

आता माझं सांगते म्हणजे तुम्हाला कळेल की माझ्या डोक्यात काय चाललेलं. मी घंटाळीच्या बाजूने भाजी घेऊन येत होते संध्याकाळी सातला, राँग साइडने एक बाइक आली, हँडल पिशवीत अडकलं, मी हातावर पडले. टोमॅटो रस्ताभर. त्या बाइकवाल्याने थांबून मागे वळून बघितलं, हे मी स्वतः पाहिलं, हेल्मेट नव्हतंच त्यामुळे चेहरा पूर्ण दिसला, आणि मग तो गेला. गजरेवाल्याने उचललं मला. नंबर कोणी घेतला नाही. माझे दीर ठाणे कोर्टात अपघाताच्याच केसेस बघतात, ते म्हणाले वहिनी, गाडी सापडली नाही तरी हिट अँड रनच्या स्कीममध्ये गंभीर इजेला ५० हजार मिळतात, २०२२ पासून वाढवलेत, आधी साडेबारा हजार होते, हाड मोडणं म्हणजे गंभीर इजाच, तक्रार करा आणि अर्ज टाका. मी काही केलं नाही. डाव्या हाताने सही येईना आणि पोलीस स्टेशनला बसून राहायची ताकद नव्हती, खरं कारण एवढंच.

तर असा राग पोटात घेऊन मी त्या मेणात हात घालून बसलेली, आणि समोर हा, ट्रिपल सीटवाला. चेहरा वेगळा होता, तो हा नव्हता, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं. तरी.

पहिल्याच दिवशी मशीन झाल्यावर मॅडम त्याचा गुडघा हाताने वाकवत होत्या. ते मशीन काय, हळूहळू वाकवतं, आवाज करत, झोप येईल असं. हाताने वाकवतात तेव्हा मात्र माणूस ओरडतो. हा असा ओरडला की बाहेर बाकावर बसलेले लोक आत डोकावले. आणि मी भिंतीवरच्या स्नायूंच्या तक्त्याकडे बघत मनात म्हणाले, आता कळलं? अगदी हेच शब्द. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, थोडं का होईना बरंच वाटलं, आणि त्या दिवशी तरी त्याची लाज वगैरे काही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानेच बोलायला सुरुवात केली, काकू तुम्हाला काय झालं. मी म्हटलं एक जण राँग साइडने आला. तर म्हणतो कसा, "लोकांना अक्कलच नसते काकू." मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं तुझं हेल्मेट कुठे होतं? म्हणे घरी होतं. म्हटलं, चला, हेल्मेट तरी सुखरूप आहे. तो हसला! मला वाटलेलं चिडेल, तर खो खो हसला आणि त्याच्या आईला म्हणाला ऐकलं का काकू काय म्हणतात. आणि मग फोन काढून मला रील दाखवली, त्याचीच, पुढचं चाक उचलून पामबीच रोडवर. वाशी ते बेलापूरचा तो रस्ता, ६० ची मर्यादा लिहिलेली आहे जागोजागी. चाळीस हजार व्ह्यूज काकू. पायाला सात स्क्रू आणि तोंडावर अभिमान. माझा हात मेणात होता म्हणून, नाहीतर.

त्याची आई. ती पाचपाखाडीत दोन घरी पोळ्या करते, किसननगरहून त्याला रिक्षात घालून आणते, कामाची एक वेळ सोडून. बाइकचा हप्ता अजून चालू आहे, बाइक भंगारात. मला म्हणाली, ताई, रागवून काय करू, रागवायला पण वेळ लागतो. आईबद्दल वाईट वाटणं सोपं होतं, ते मला लगेच जमलं, पण गंमत बघा, तिच्याबद्दल जितकं वाईट वाटायचं तितका त्याचा राग अजून यायचा.

इथे अजून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. प्रत्येक पेशंटचं एक पिवळं कार्ड असतं, बिछान्याच्या पायाशी क्लिपला लावलेलं, त्यावर वर कारण लिहितात. माझ्या कार्डावर 'आरटीए'. म्हणजे रस्त्यावरचा अपघात. आणि त्याच्या कार्डावर? तेच, 'आरटीए'. तीन अक्षरं दोघांना सारखी! मी भाजी घेऊन माझ्या बाजूने चालत होते आणि हा तीन टाळकी घालून रात्री दोनला उडत होता, आणि लिहायला शब्द एकच. मी मॅडमना म्हटलंसुद्धा, अर्धं हसत, की यांच्यासाठी वेगळा कोड ठेवा ना. त्या म्हणाल्या, "काकू, मला फक्त कोणत्या बाजूने मार बसला ते हवं असतं." विषय संपला.

बाकी कार्डं पण वाचायला लागले मी मग, वीस मिनिटं करायचं काय. एका काकांचा खांदा, 'पीए शोल्डर'. खांदा आखडलेला, डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं असं मॅडमनीच सांगितलं, आणि काका रोज सांगायचे शुगर तीनशेच्या खाली येत नाही आणि त्याच तोंडाने सांगायचे की येताना मामलेदारची मिसळ मारून आलो, वर जिलबी. सगळे हसायचे. मी पण. त्यांना कोणी विचारलं नाही की काका, तुम्हाला अक्कल नव्हती का.

आणि मग आला गोविंदा. दहीहंडीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, गळ्याच्या हाडाला मार, हात झोळीत, कार्डावर 'उंचावरून पडणे'. सहाव्या थरावरून. अहो काय कौतुक झालं त्याचं! काका मिसळवाले उठून खुर्ची देतात, रिसेप्शनवरची मुलगी पाणी आणते, आणि मी, मी घरून रव्याचे दोन लाडू नेले त्याच्यासाठी डब्यातून. खरंच नेले. ठाण्याचं तुम्हाला माहितीच आहे, २०१२ ला नऊ थर लागून ४३ फुटांच्या वरचा विक्रम गिनेसमध्ये गेला तो ठाण्यातलाच, आणि २०२५ ला दहा थर पण ठाण्यातच लागले, आम्ही टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरकार गोविंदांचा विमा काढतं. लाडू देऊन मी वळले तर हा ट्रिपल सीटवाला मशीनवरून म्हणतो, "काकू, मला नाही का?" मस्करीतच म्हणाला. पण दोनच होते, आणि ते दोनच होते हे काही योगायोगाने नव्हतं हे मला माहीत होतं आणि बहुतेक त्यालाही.

घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं, ती बीएला सायकॉलॉजी घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरात कोणी काही बोललं की तिच्याकडे प्रयोग तयारच असतो. म्हणाली आई, १९६९ चा एक पेपर आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोत एक माणूस मुद्दाम कोसळायचा, कधी हातात काठी घेऊन आजारी वाटेल असा आणि कधी दारूचा वास येईल असा, हातात बाटली. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा लोक आपणहून धावले. बाटलीवाल्याला ३८ पैकी १९ वेळा. तू त्या बसून राहिलेल्यांतली आहेस. मी म्हटलं बाई, दारुड्याला पण निम्म्या वेळा उचललं ना, मग चांगलेच आहेत लोक, आणि तुझा डबा धुवायला टाकलास का. पण रात्रभर डोक्यात ते राहिलं की गोविंदाच्या हातात काठी होती की बाटली.

दिरांशी पण विषय निघाला, ते जेवायला आलेले. ते म्हणाले जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलं, स्वतःच्याच बेदरकार ड्रायव्हिंगने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार नाही, दुसऱ्या कोणाची चूक नसेल तर. माझ्या तोंडून पटकन निघालं, बरोबरच आहे. आणि मग ते म्हणाले, पण त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राची कॅशलेस स्कीम पण आली, रस्ता अपघातातल्या कुठल्याही जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, तिथे चूक कोणाची हे बघत नाहीत. मी विचारलं मग नक्की काय, सरकारला त्याची कीव येते की नाही? दीर म्हणाले, वहिनी, जीव जात असताना विचारायचं नाही, नंतर पैसे मागायला आला की विचारायचं. आणि वांग्याची भाजी अजून आहे का म्हणाले. मला मात्र ती पोळ्यावाली बाई आठवली, हा मुलगा त्या रात्री गेलाच असता तर हप्ता तिच्यावरच होता आणि भरपाई शून्य, आणि मी जेवता जेवता 'बरोबरच आहे' म्हणून मोकळी.

एकदा मॅडमना विचारलंच, पडदा ओढून, की तुम्हाला राग नाही येत का अशा पोरांचा. मला वाटलं काहीतरी गोड गोड बोलतील. त्या म्हणाल्या, येतो ना, खूप येतो, पावसाळ्यात तर धबधब्यावरून पडलेले येतात, पांडवकड्याला बंदी आहे वर्षानुवर्षं, तरी कुंपणाखालून जातात आणि मग पाय घेऊन माझ्याकडे. पण राग आला की हात जोरात पडतो काकू, जोरात पडला की दुसऱ्या दिवशी पेशंट येत नाही, आणि नाही आला की गुडघा ७० वर अडकतो, मग तो जन्मभर भारतीय संडासला बसू शकत नाही. एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

त्यानंतर मला पाझर फुटला वगैरे समजू नका. नाही फुटला. अजूनही रस्त्यात हेल्मेटशिवाय कोणी भुर्रकन गेला की माझ्या तोंडात शिवीच येते, आणि त्या मुलाने परवा "काकू, दिवाळीपर्यंत गाडी चालवता येईल ना" असं विचारलं तेव्हा मी उठून खिडकीत जाऊन उभी राहिले, नाहीतर काहीतरी बोलले असते. फक्त एवढं झालं की मॅडम दुसऱ्या बिछान्याकडे गेल्या की त्याचे आकडे मी मोजायला लागले. टाच सरकवत गुडघा वाकवायचा तो व्यायाम असतो, तीस वेळा, हा लबाड बाविसाव्यालाच तीस म्हणतो. मी शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं हजेरीपट बघितलेत, माझ्यासमोर आकडे चोरायचे नाहीत. मेणातला हात तसाच ठेवून मी मोठ्याने तेवीस, चोवीस, पंचवीस. तो कण्हतो, मी मोजते. सत्ताविसाव्याला तो मला काहीतरी पुटपुटून बोलतो, ते मी ऐकत नाही. गेल्या आठवड्यात १०५ डिग्री झाला त्याचा, पहिल्या दिवशी ४० होता.

आता तक्रारी. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सतरा पायऱ्या, मोजल्यात. पाय मोडलेल्या माणसांचं दुकान आणि लिफ्ट नाही, हे म्हणजे चष्म्याच्या दुकानात दिवा नसण्यासारखं झालं. त्या मुलाला पहिले दोन आठवडे खालच्या झेरॉक्सवाल्याने आणि रिक्षावाल्याने मिळून खुर्चीत बसवून वर नेलं. कठडा चढताना डाव्या हाताला आहे, म्हणजे माझ्यासारख्या उजवा हात मोडलेल्यांना बरा, ज्यांचा डावा गेलाय त्यांनी येताना कोणाला तरी बरोबर आणा. संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, ऑफिस सुटलेले मानदुखीवाले सगळे एकदम येतात आणि मेणाला नंबर लागतो. एसी एका कोपऱ्यात ठिबकतो, तिथे बादली आहे, दिसत नाही, पाय लागतो. टॉवेल घरचा न्या.

आणि स्टार कापला तो याच्यासाठी नाही, हे सगळं चालवून घेतलं असतं. पॅकेज पंधराचं, माझी तेरा झाली आणि मॅडम म्हणाल्या आता घरी करा, स्पंजचा बॉल दाबा, यायची गरज नाही. म्हणजे दोन सेशन उरली. पैसे परत नाहीत, हे पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, माझीच चूक मी आधी वाचलं नाही. मी काउंटरवर म्हटलं, ठीक आहे, मग ती दोन त्या गुडघ्यावाल्या पोराच्या नावावर टाका, त्याचं पॅकेज पुढच्या आठवड्यात संपतंय आणि त्याची आई काल तिथेच उभी राहून विचारत होती की अर्धे पैसे आत्ता आणि अर्धे एक तारखेला चालतील का. सहानुभूती वगैरे काही नाही, भरलेले पैसे फुकट जातात म्हणून. तर काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "काकू, ते नॉन-ट्रान्सफरेबल आहे." म्हटलं मॅडमना विचारा. मॅडम म्हणे मालकांना विचारावं लागेल, मालक दर शनिवारी येतात. दोन शनिवार गेले. सेशन तीन महिन्यांत वापरली नाहीत तर रद्द.

मालक वाचत असतील तर, पावती माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. त्या मुलाला यातलं काही माहीत नाही, त्याला सांगू नका, उगाच लाडू मागेल.